पूज्य साने गुरुजी आणि पंढरीचे महाद्वार

कोलशेत-ठाणे परिसरातून पंढरीस जाणारे भाविक महाद्वारी नामदेव पायरीस वंदन करून श्रीसंत चोखामेळ्यांच्या समाधीचे दर्शन घेतात. चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना मात्र १९४७ पर्यंत त्या पायरीपुढे मज्जाव होता. तो दूर व्हावा म्हणून ज्यांनी प्राण पणास लावले, त्या पूज्य साने गुरुजींचा हा अल्प परिचय.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. अमळनेर येथे सहा वर्षे अध्यापन करून १९३० साली ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या कारागृहात लिहिले गेले.

१९४६ च्या अखेरीस श्रीविठ्ठल मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषणाचा संकल्प सोडला. हेतू शुद्धच होता. परंतु प्राणत्यागाचे भय घालून मिळविलेला होकार खरा मानावा काय, हा प्रश्न अनेक सज्जनांनी उपस्थित केला, आणि तो रास्तही होता. सेनापती बापट प्रभृतींच्या आग्रहावरून गुरुजींनी उपोषण पुढे ढकलले व सुमारे सहा महिने गावोगाव फिरून लोकांची मने वळविली. या दौऱ्यात कित्येक गावांतील देवळे व पाणवठे ग्रामस्थांनी आपण होऊन खुले केले. गुरुजींच्या कार्याचा हा भाग उपोषणाहून कमी स्मरला जातो, हे खेदाचे आहे.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास आरंभ झाला. मंदिरप्रवेशाचा कायदा होऊ घातला होता. तेव्हा प्राण संकटात का घालावेत, असे अनेकांस वाटे. महात्मा गांधींनीही उपोषण सोडण्याविषयी कळविले. ज्यांना गुरुस्थानी मानले, त्यांचाच हा निरोप! गुरुजींना अपार क्लेश झाले, तथापि ते ढळले नाहीत. दरवाजा कायद्याच्या बळाने नव्हे, तर पुजाऱ्यांच्या व भक्तांच्या संमतीने उघडावा, ही त्यांची तळमळ होती. दादासाहेब मावळणकरांनी मध्यस्थी केली. १० मे रोजी बडवे मंडळींनी संमती दिली आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही संमत झाला.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्या वेळी कोणाकडेही काही मागणे नव्हते. ते केवळ प्रायश्चित्त होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी देह ठेवला.