नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांचे नाव क्रमिक पुस्तकांमुळे घरोघर पोचले. ख्रिस्ताचे अनुयायित्व मराठी मातीत प्रत्यक्ष कसे जगावे, याचा त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या चोवीस वर्षांत घेतलेला शोध मात्र तितकासा परिचित नाही. आडनाव आणि काळ एकच असल्याने लोकमान्य टिळकांशी त्यांची अधूनमधून गल्लतही केली जाते.

पूर्वायुष्य

टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव तापट स्वभावाचे होते. भक्तीची आणि काव्याची ओढ नारायणाकडे आली ती आई जानकीबाईंकडून. त्यांच्या मृत्यूनंतर, बालवयातच नारायणाने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मराठी वाचकांना लक्ष्मीबाई टिळक म्हणून माहीत झालेल्या त्या याच. टिळकांचे पाय एका गावी फार काळ टिकत नसत. नोकरी धरावी, सोडावी आणि पुन्हा चालू लागावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व ‘ऋषी’ हे मासिक चालविले.

धर्मांतर आणि ताटातूट

१८९३ मध्ये राजनांदगावकडे रेल्वेने जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. हा प्रवासी कोण, हे टिळकांना पुढेही कळले नाही. ग्रंथ वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवर प्रीती करण्याच्या त्या शिकवणीने त्यांच्या मनाची पकड घेतली. जातिभेदाने पोखरलेल्या देशाला कोणता धर्म उभा करू शकेल, हा प्रश्न त्यांना आधीपासूनच छळत होता. त्यामुळे त्यांचे धर्मांतर देशचिंतेपासून वेगळे काढता येत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याचा आघात सर्वांत जास्त सोसला तो लक्ष्मीबाईंनी. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आधाराने राहिल्या. पती जिवंत असताना तुटलेला संसार आणि भोवतालच्यांच्या नजरा यांनी त्या खचून गेल्या होत्या. ही ताटातूट चार वर्षांहून अधिक काळ टिकली. टिळकांच्या श्रद्धेची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच व्यक्तीने मोजली, ही गोष्ट त्यांच्या गौरवपर चरित्रांत पुष्कळदा ओझरती येते.

पुन्हा एकत्र आल्यावर मात्र टिळकांचा संयम दिसून आला. लक्ष्मीबाई आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवत. टिळकांनी त्यावर बळजबरी केली नाही. जात ही देवाने केलेली नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानेच पटले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या साऱ्याचे अतिशय मोकळे, विनोदाची पाखर असलेले चित्रण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) या आत्मचरित्रात आहे.

मिशनमधील कार्य

अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर येथील ईश्वरविज्ञान शाळेत टिळक शिकवीत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. उपासनेतील गाणी तोवर बरीचशी परकीय वळणाची होती. टिळकांनी तेथे अभंग, भजन आणि कीर्तन आणले. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची धारणा होती. १९१२ पासून अखेरपर्यंत ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यांच्या नगरच्या घरात कवी बालकवी ठोमरे कुटुंबातल्या मुलासारखे राहिले.

देवाचा दरबार

पगार मिशनचा, निर्णय परदेशी मिशनऱ्यांचा आणि भारतीय ख्रिस्ती माणूस कायम आश्रित, ही व्यवस्था टिळकांना उत्तरोत्तर असह्य झाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुभावाने सामावावेत, अशी योजना होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, संसार पाठीशी असताना नियमित उत्पन्न सोडणे ही लहान गोष्ट नव्हती.

सोळाव्या शतकात युरोपात मेनो सायमन्स (१४९६–१५६१) यांच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला मेनोनाइट पंथही ख्रिस्ताच्या मागे चालणे, साधी राहणी, शत्रुप्रेम आणि बंधुमंडळ यांवरच भर देतो. टिळक ज्या राजनांदगावी निघाले होते, त्याच छत्तीसगड भागात धमतरी येथे १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइटांनी काम आरंभिले. टिळक त्या पंथाचे नव्हते. डोंगरावरील प्रवचन हे अक्षरशः आचरण्यासाठी आहे, या बाबतीत दोहोंत साम्य आढळते. फरक बाप्तिस्म्याविषयीचा आहे. मेनोनाइट मंडळी जाणत्या वयात स्वेच्छेने घेतलेल्या बाप्तिस्म्यावर उभी असते, तर दरबाराने ती अटच ठेवली नाही. त्यामुळे दरबाराविषयी अनेक ख्रिस्ती धुरीण साशंक होते.

अखेर

दरबाराला दोन वर्षेही पुरी लाभली नाहीत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन करण्यात आले व रक्षा अहमदनगरला नेण्यात आली. त्यांच्या पश्चात दरबार फार काळ चालला नाही. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्सलो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला.

‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ आणि ‘अभंगांजली’ या टिळकांच्या प्रसिद्ध रचना होत. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’चे सुमारे अकरा अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. टिळकांची भक्तिगीते ‘उपासना संगीत’ या संग्रहात असून छत्रपती संभाजीनगरसह मराठवाड्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ती आजही गायिली जातात.