हजरत अबू बकर (रजि.) : माफी आणि आज्ञापालनाचा धडा

परका माणूस काही बोलला तर आपण सोडून देतो. पण ज्याला आपण सांभाळलं, तोच आपल्या लेकीबद्दल वाईट बोलू लागला तर? हजरत अबू बकर सिद्दीक (रजि.) यांच्यावर असाच प्रसंग आला होता.

त्यांचे नाव अब्दुल्लाह. मक्केत त्यांचा कापडाचा व्यापार होता. ते सुरुवातीलाच ईमान आणणाऱ्यांपैकी होते. हजरत बिलाल (रजि.) यांच्यासारख्या छळ सोसणाऱ्या गुलामांना त्यांनी स्वतःच्या पैशाने मुक्त केले. इ.स. 622 मध्ये हिजरतच्या वेळी सौरच्या गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सोबती तेच होते.

मदीनेत मिस्तह (रजि.) नावाचे त्यांचे एक नातेवाईक होते, मावसबहिणीचा मुलगा. गरीब मुहाजिर, बद्रच्या लढाईत सहभागी झालेले. त्यांचा खर्च हजरत अबू बकर (रजि.) चालवत.

बनू मुस्तलिकच्या मोहिमेहून परतताना हजरत आयशा (रजि.) हरवलेला हार शोधायला गेल्या आणि काफिला पुढे निघून गेला. मागून येणाऱ्या हजरत सफवान (रजि.) यांनी त्यांना उंटावर बसवले आणि स्वतः पायी चालत काफिल्यापर्यंत आणले. एवढ्यावरून मुनाफिकांचा सरदार अब्दुल्लाह बिन उबई याने तोहमत उठवली. काही भोळे मुसलमानही त्यात वाहवत गेले. त्यात मिस्तह (रजि.) होते.

जवळपास महिनाभर हे चालले. मुलगी माहेरी येऊन रडत होती आणि बापाला काही करता येत नव्हते. अखेर सूरह नूरच्या आयती उतरल्या आणि हजरत आयशा (रजि.) यांचे निर्दोषत्व खुद्द अल्लाहने जाहीर केले. तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) यांनी कसम घेतली की, मिस्तहवर यापुढे काहीही खर्च करणार नाही.

आपण त्यांच्या जागी असतो तर हेच केले असते. कुणी नाव ठेवले नसते.

पण त्यानंतर याच सूरहची 22वी आयत उतरली. ऐपत असलेल्यांनी नातेवाईक, गरीब आणि मुहाजिर यांना मदत न करण्याची कसम घेऊ नये, माफ करावे, असे तिच्यात सांगितले आहे. अल्लाहने आपल्याला माफ करावे असे तुम्हाला वाटत नाही का, असेही तिने विचारले आहे. हजरत अबू बकर (रजि.) यांचे उत्तर तात्काळ होते. त्यांनी मदत पुन्हा सुरू केली आणि ती कधीच बंद करणार नाही असे ठरवले.

सूरह नूर तर्जुम्यासह वाचताना आमच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, माफी म्हणजे गुन्ह्याला गुन्हा न म्हणणे नव्हे. याच सूरहमध्ये पाकदामन स्त्रीवर तोहमत घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला 80 फटक्यांची शिक्षा आहे. शिक्षा आपल्या जागी, पण गरिबाची भाकर रागापायी तोडायची नाही. दुसरी, हजरत अबू बकर (रजि.) यांनी राग निवळण्याची वाट पाहिली नाही. हुकूम आला आणि मन त्याच्यापुढे झुकवले.

इ.स. 632 मध्ये ते पहिले खलीफा झाले. परिस्थिती बिकट होती, हजरत उसामा (रजि.) यांचे लष्कर थांबवा असे अनेकांचे मत होते. पण प्रेषितांनी (स.) ठरवलेली मोहीम त्यांनी रवाना केलीच. इ.स. 634 मध्ये, वयाच्या सुमारे 63व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि प्रेषितांच्या (स.) शेजारीच दफन झाले.

आपल्याकडे जमिनीच्या वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून सख्ख्या भावांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद असतं. जकातची यादी करताना एखाद्या गरजू नातेवाइकाचं नाव आपण मुद्दाम गाळतो, कारण तो कधीतरी काही बोललेला असतो. या रमजानमध्ये यादी लिहिण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून सूरह नूरची 22वी आयत अर्थासह वाचावी. मग ते नाव लिहायचं की नाही, हे ठरवावं.