मंडालेतील पथ्य

लोंढ्याहून बेळगावकडे निघालेली गाडी खानापूरच्या आधी गुंजी स्थानकावरून जाते. पावसाळ्यात या परिसरात जिकडेतिकडे भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात. खानापूर तालुक्याचा हा भाग काय किंवा घाटाखालचा गोवा काय, दोन्हीकडे जेवण म्हणजे भात हे समीकरण पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहे. म्हणूनच मधुमेहाचे निदान झाल्यावर भात कमी करा असा सल्ला मिळतो, तेव्हा गोळ्यांपेक्षा तोच अधिक कडू लागतो. लोकमान्य टिळकांच्या चरित्रात या कडू सल्ल्याचा एक अध्याय आहे. राजद्रोहाचे खटले, ‘केसरी’ आणि ‘गीतारहस्य’ यांच्या तेजात तो सहसा झाकून जातो.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. कोकणातले हे घर, त्यामुळे भाताशी त्यांचे नाते जन्माचेच. बालपणी शरीर किरकोळ होते. पुण्यात डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाला दिले. पुढे जे सोसावे लागले, त्याची शिदोरी त्यांनी तेव्हाच बांधून घेतली होती असे वाटते. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातल्या अन्नाने त्यांचे वजन झपाट्याने उतरले. मुदतीपूर्वी, सप्टेंबर १८९८ मध्ये, त्यांची सुटका झाली. निर्धार तसाच राहिला, शरीराने मात्र त्याची किंमत मोजली.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती, आणि मधुमेह अंगी जडलेला होता. उतारवयाकडे झुकताना जडलेला हा विकार आज ज्याला टाइप-टू म्हणतात, बहुधा त्याच प्रकारचा असावा. साबरमतीच्या तुरुंगात काही काळ ठेवून त्यांना ब्रह्मदेशात मंडाले येथे नेण्यात आले. पुढे शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत झाले आणि स्वयंपाकाला एक मराठी कैदी सोबत मिळाला. ही सवलत वरवर किरकोळ दिसते. परंतु मधुमेही माणसाच्या आयुष्याची दोरी पुष्कळदा चुलीशीच बांधलेली असते.

त्या काळी या विकारावर परिणामकारक औषध नव्हते. रक्तातली साखर घरबसल्या मोजण्याचे यंत्रही नव्हते. लघवीत उतरणाऱ्या साखरेवरून आजाराचा अंदाज बांधावा लागे. जगभरचे वैद्यक तेव्हा आहारावरच विसंबून होते. स्कॉटिश शल्यवैद्य जॉन रोलो यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस धान्य-साखर तोडून मांसाहार सुचवला होता. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असताना अन्नाची टंचाई झाली आणि मधुमेहींच्या लघवीतली साखर घटली, हे बुशार्दा या फ्रेंच वैद्याने टिपून ठेवले होते. आपल्याकडे तर चरकसंहितेने प्रमेहाच्या रुग्णाला यव, म्हणजे जव किंवा सातू, हेच मुख्य अन्न सांगितले आहे.

मंडालेत टिळकांनी हाच मार्ग धरला. भात आणि गहू बाजूला ठेवून सातूच्या पिठावर भर दिला. जोडीला दूध, दही, तूप. साखर वर्ज्य. आजच्या काटेकोर अर्थाने याला अल्प-कर्बोदक आहार म्हणता येणार नाही, कारण सातूतही पिष्ट असतेच. फरक पडतो तो वेगाचा. सातूतला चिकट तंतू पोटात अन्नाचा लगदा घट्ट करतो, त्यामुळे पिष्टाची साखर होऊन रक्तात उतरण्यास वेळ लागतो. पॉलिश केलेल्या तांदळाच्या भाताने साखर जशी एकदम उसळते, तशी सातूने उसळत नाही. दूध-तुपाने भूक भागते आणि धान्याचे प्रमाण आपोआप आवरते. या पथ्याने विकार बरा झाला नाही, आटोक्यात राहिला. टिळकांना तेवढे पुरेसे होते.

कारण त्यांना काम करायचे होते. लाकडी फळ्यांच्या त्या खोलीत उन्हाळ्यात भट्टीसारखी धग आणि हिवाळ्यात बोचरे वारे शिरत. तिथेच नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या पाच महिन्यांत ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून झाले. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या, तेव्हाही ते कोठडीतच होते. युक्त आहार-विहाराचा उपदेश करणाऱ्या गीतेवर भाष्य लिहिणारा हा कैदी स्वतःच्या ताटात तो उपदेश रोज पाळत होता.

जून १९१४ मध्ये ते पुण्यास परतले. साठीच्या उंबरठ्यावर, विकार सोबत घेऊन, त्यांनी पुन्हा देशभर फिरणे आरंभिले. २८ एप्रिल १९१६ रोजी होमरूल लीगची स्थापना झाली ती बेळगावात, गुंजीहून रेल्वेने काही स्थानके पुढे. सीमाभागातल्या मराठी माणसाला ही तारीख पाठ असते. त्या व्यासपीठावरच्या नेत्याचे शरीर पथ्याच्या आधारावर उभे होते, याची आठवण मात्र क्वचितच कोणाला असते. पुढे विलायतेची दीर्घ वारी झाली. १९२० च्या जुलैत मुंबईच्या सरदारगृहात ताप आला, न्यूमोनिया बळावला आणि १ ऑगस्टला पहाट उजाडण्यापूर्वीच त्यांची प्राणज्योत मालवली. पुढच्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. ११ जानेवारी १९२२ रोजी ते पहिल्यांदा एका मुलाला टोचले गेले. टिळकांच्या आयुष्यात जिभेवरचा ताबा हेच एक औषध होते.

आज आपल्याकडे गोळ्या आहेत, इन्सुलिन आहे, घरी मोजण्याचे यंत्र आहे. म्हणून मंडालेचे पथ्य जसेच्या तसे उचलणे शहाणपणाचे नाही. जे गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी धान्य एकाएकी तोडले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेऊनच ताट बदलावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तर अधिकच जपावे. परंतु गुंजीच्या खाचरात पिकलेला भात ताटात थोडा कमी वाढून घेणे, त्याच्या जागी उसळ, पालेभाजी, मासळी किंवा अंडे वाढवणे, चहातली साखर सोडणे, हे गोव्यातल्या आणि सीमाभागातल्या घरांना आवाक्याबाहेरचे नाही. यासाठी मंडालेची कैद लागत नाही. जे काम हातून व्हावे असे वाटते ते डोळ्यांपुढे असले, की ताटातला भात आवरणे सोपे जाते. टिळकांपुढे ते काम होते, आणि म्हणूनच त्यांचे पथ्य सुटले नाही.