सुन लुतांग : पवित्र्यापासून ग्रंथापर्यंत

चीनच्या हेबेई प्रांतात १८६० मध्ये जन्मलेल्या सुन लुतांग यांनी शिंगयी या उत्तर चिनी युद्धकलेचे धडे ली कुइयुआन यांच्याकडे गिरवले. पुढे लींचेच गुरू गुओ युनशेन यांचे शिष्यत्व पत्करले. पहिला धडा प्रहाराचा नव्हे, तर ‘सांती’ पवित्र्यात निश्चल उभे राहण्याचा. मागील पायावर अधिक भार, एक हात पुढे, नजर तर्जनीच्या टोकावर. नवख्याच्या मांड्या थरथरतात त्या येथेच. त्यानंतर पाच मूळ प्रहार. धातू, जल, काष्ठ, अग्नी, पृथ्वी या चिनी पंचतत्त्वांशी जोडलेले.

ही विद्या बहुतांशी गुरुमुखातूनच मिळे. सुन यांनी १९१५ मध्ये शिंगयीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात पवित्र्यांची स्वतःची छायाचित्रे दिली. गुरूची गरज त्याने संपली नाहीच. कोणत्या पायावर किती भार, हे छायाचित्रात कसे दिसणार? पण दार किलकिले झाले. १९३३ मध्ये सुन निवर्तले. कन्या सुन जियानयुन यांनी त्यांची परंपरा पुढे चालविली.