टोबियास लोविट्झ

योहान टोबियास लोविट्झ (२५ एप्रिल, इ.स. १७५७ – ७ डिसेंबर, इ.स. १८०४) हे रशियात कार्य केलेले जर्मन वंशाचे रसायनशास्त्रज्ञ व औषधनिर्माते होते. द्रवात मिसळलेली रंगद्रव्ये व दुर्गंधी लाकडी कोळसा आपल्याकडे ओढून घेतो, हे त्यांनी इ.स. १७८५ मध्ये दाखवून दिले. पाणी शुद्ध करण्यासाठी आज वापरला जाणारा सक्रियित कोळसा, तसेच जड धातू काढण्यासाठी अभ्यासले जाणारे कार्बनचे अब्जांश पदार्थ, यांच्या इतिहासात त्यांचे नाव आरंभीच घेतले जाते.

बालपण

लोविट्झ यांचा जन्म जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे झाला. त्यांचे वडील गेओर्ग मॉरिट्झ लोविट्झ हे खगोलशास्त्रज्ञ होते. सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीच्या निमंत्रणावरून ते रशियात गेले. आईचे छत्र आधीच हरपलेले असल्याने टोबियास वडिलांबरोबरच राहिले आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातील मोहिमेतही त्यांच्यासोबत होते. इ.स. १७७४ मध्ये व्होल्गा नदीच्या प्रदेशात सर्वेक्षण चालू असताना पुगाचोव्हच्या बंडखोरांनी वडिलांना पकडून ठार मारले. सतरा वर्षांचे टोबियास परक्या देशात पोरके झाले. पुढे सेंट पीटर्सबर्ग येथे अकादमीच्या शाळेत त्यांच्या शिक्षणाची सोय झाली.

औषधशाळेतील उमेदवारी

इ.स. १७७७ मध्ये ते तेथील शाही औषधशाळेत उमेदवार म्हणून दाखल झाले. प्रकृती ढासळल्यामुळे इ.स. १७८० मध्ये ते ग्यॉटिंगेनला परतले व तेथील विद्यापीठात शिकले. त्या काळात त्यांनी युरोपात पायी प्रवासही केला. इ.स. १७८४ मध्ये ते पुन्हा त्याच औषधशाळेत रुजू झाले. त्यांचे पुढील बहुतेक संशोधन येथेच, रोजच्या औषधनिर्मितीच्या कामातून उभे राहिले.

कोळशाचा शोध

टार्टारिक आम्लाचे स्फटिक तयार करताना द्रावण आटवले की ते तपकिरी पडे आणि स्फटिक मळकट निघत. इ.स. १७८५ मध्ये लोविट्झ यांना आढळले की द्रावणात कोळशाची पूड मिसळून ते गाळल्यास रंग नाहीसा होतो. कोळसा वायू शोषतो हे शेले व फोंताना यांनी त्यापूर्वीच पाहिले होते; द्रवांच्या बाबतीत हा गुण पद्धतशीरपणे तपासण्याचे श्रेय लोविट्झ यांना दिले जाते. मध, पाक, धान्यापासून काढलेले मद्य व नासलेले पाणी अशा अनेक पदार्थांवर त्यांनी कोळशाचा प्रयोग केला. लोविट्झ त्या काळी प्रचलित असलेल्या फ्लॉजिस्टन सिद्धान्ताचे अनुयायी होते. तो सिद्धान्त पुढे त्याज्य ठरला. मात्र त्यांचे निरीक्षण अबाधित राहिले.

या शोधाचा एक निकडीचा उपयोग जहाजांवर होता. लांबच्या सागरी प्रवासात लाकडी पिंपांतील पाणी काही आठवड्यांतच कुजून दुर्गंधीयुक्त होई आणि खलाशांना तेच प्यावे लागे. अशा पाण्यात कोळशाची पूड व अगदी थोडे गंधकाम्ल घालण्याचा उपाय लोविट्झ यांनी सुचवला.

अन्य संशोधन

इ.स. १७८९ मध्ये त्यांनी गोठवून जवळजवळ शुद्ध ॲसिटिक आम्ल मिळवले. मधातील द्राक्षशर्करा वेगळी करणे, निर्जल अल्कोहोल तयार करणे, बर्फ व कॅल्शियम क्लोराइड यांच्या मिश्रणाने अतिशीत तापमान गाठणे, अतिसंपृक्त द्रावणात स्फटिकाचा कण टाकून स्फटिकीभवन घडवणे ही त्यांची अन्य महत्त्वाची कामे होत. इ.स. १७९३ मध्ये ते विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले.

अखेरची वर्षे

लोविट्झ यांचे खासगी आयुष्य दुःखाने भरलेले होते. चार मुले व पत्नी यांचा मृत्यू त्यांना पाहावा लागला. काचेच्या जखमेने डावा हात अधू झाला. तरीही त्यांनी प्रयोग थांबवले नाहीत. इ.स. १८०४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शोधाचा पुढील प्रवास

लोविट्झ यांनी पाहिलेल्या क्रियेला आज पृष्ठशोषण किंवा अधिशोषण म्हणतात. यात पदार्थ कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून पृष्ठभाग जितका मोठा तितकी क्षमता अधिक. सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ साधारणपणे ५०० ते १,५०० चौरस मीटर असते.

लोविट्झ यांच्या कसोट्या डोळा व नाक या होत्या. शिसे, कॅडमियम, पारा यांच्या क्षारांनी दूषित झालेले पाणी मात्र स्वच्छ दिसते आणि त्याला वासही नसतो. भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३ व पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. साधा कोळसा असे धातू फारसे धरून ठेवत नाही. इ.स. १९९१ नंतर कार्बनच्या अब्जांश नलिका व इ.स. २००४ नंतर ग्राफीन यांच्या अभ्यासाला वेग आला. त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट बसवले की धनभारित धातू-आयन त्यांना बांधले जातात. पाण्याची आम्लता वाढल्यास ही पकड सैल होते. धातूंनी भरलेल्या कार्बनची सुरक्षित विल्हेवाट आणि सूक्ष्म कण पाण्यात मिसळू न देणे, हे प्रश्न त्यासोबत येतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात वाळू, खडी व कोळसा यांचे थर भरलेली मडकी एकावर एक ठेवून पाणी गाळण्याची रीत परिचित आहे. तिच्यातील कोळशाचे कार्य लोविट्झ यांनी दाखवलेलेच आहे. या रीतीची मर्यादा बुलढाणा जिल्ह्यात स्पष्ट होते. संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याकडे आहे, तर दक्षिणेस पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूजलात विरघळलेले क्षार कोळशाने निघत नाहीत. त्यासाठी व्युत्क्रमी परासरणासारखी वेगळी पद्धत लागते. त्यामुळे कोळशातून गाळलेले पाणी नितळ दिसले, तरी ते पिण्यायोग्य आहे की नाही हे प्रयोगशाळेतील तपासणीनेच ठरते.