माळावर नगर वसविणारे शेठ वालचंद हिराचंद

पनवेलहून बोरघाट चढून पुणे गाठावे आणि बारामतीवरून इंदापूर तालुक्यात उतरावे, म्हणजे नीरेच्या खोऱ्यात वालचंदनगर लागते. शेठ वालचंदांच्या जहाजांची आणि विमान कारखान्याची कथा समाजात पुष्कळांना ठाऊक असते. मात्र त्यांनी शेतीच्या पायावर उभ्या केलेल्या या नगराची कथा क्वचितच सांगितली जाते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन, व्यापार आणि सावकारीत स्थिरावलेले. वडील शेठ हिराचंद नेमचंद यांनी ‘जैन बोधक’ सुरू करून समाजात ज्ञानप्रसाराचे मोठे कार्य केले. शिक्षण अर्धवट सोडून चिरंजीव घरच्या पेढीवर बसले खरे; पण त्यांचे मन तेथे रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून आलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. पुढे टाटा कन्स्ट्रक्शनच्या द्वारे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे त्यांच्या देखरेखीखाली खोदले गेले. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आपला देश राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

अशा गृहस्थाने नांगराकडे वळावे, हे अनेकांना नवलाचे वाटले असेल. कोल्हापूर-सांगलीकडील जैन बांधव पिढ्यान्पिढ्या शेती करीत आले आहेत. परंतु गुजरातेतून आलेली घराणी जीवहिंसेच्या विचाराने भूमी कसण्यापासून बहुधा दूरच राहिली. वस्तुतः भगवान ऋषभदेवांनी शिकविलेल्या षट्कर्मांत असि-मसींच्या पाठोपाठ कृषीच येते.

१९२३ साली त्यांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे सुमारे १,५०० एकर पडीक जमीन घेतली. खडकाळ माळ विकत घेण्यात व्यवहार काय, असा प्रश्न कोणासही पडावा. त्यांनी कृषिरसायनज्ञ व अभियंते यांना हाताशी धरले, मातीवर उपचार केले आणि त्या माळावर फळे, भाजीपाला व ऊस पिकविला. ठेकेदारीतील अनुभव येथे कामी आला, असेच म्हणावे लागेल. बोगदा असो वा शेत, आधी भूमीची परीक्षा करावयाची आणि मग खर्चाचा अंदाज बांधावयाचा, ही त्यांची रीत होती.

१९३२ साली परदेशी साखरेपासून देशी उद्योगाला कायद्याने संरक्षण मिळाले. १९३३ मध्ये रावळगावात साखर कारखाना उभा राहिला आणि पाठोपाठ इंदापूर तालुक्यात कळंब गावाच्या शिवारातही. हा प्रदेश दुष्काळी. आधार होता तो नीरा डाव्या कालव्याचा. पण कालव्याचे पाणी हेही दुधारी शस्त्र असते. पाणी अति झाले की जमीन चोपण होते, हे त्या भागाने आधीच अनुभवले होते. म्हणून ऊस लावण्याइतकेच पाणी मोजून देण्याला आणि निचऱ्याला महत्त्व होते. त्या काळी आसपासच्या शेतकऱ्यांकडून पुरेसा ऊस मिळण्याची शाश्वती नसल्याने कारखाने स्वतःच्या आणि खंडाने घेतलेल्या जमिनीवर मळे करीत. त्यामुळे मजूर आले, मग कारागीर आले, त्यांच्यासाठी घरे, दवाखाना, बाजार आणि शाळा आली. उसाच्या गाड्या ओढण्यासाठी अरुंद रुळांची रेल्वे धावू लागली. या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले.

पुढची वर्षे धकाधकीची गेली. १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला. युद्धकाळात, १९४२ मध्ये तो सरकारने आपल्याकडे घेतला. १९४१ साली पायाभरणी झालेली विशाखापट्टणची जहाजबांधणी गोदीही १९५२ मध्ये सरकारी नियंत्रणाखाली गेली. १९४९ मध्ये शेठजींना पक्षाघाताचा झटका आला, ते कारभारातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली.

त्यांच्यामागे नगरावरही तोच प्रसंग आला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने साखर कारखान्यांचे मळे त्यांच्या हातून गेले व १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे आले. यात एकट्या कारखान्यांचाच प्रश्न नव्हता. ज्यांनी जमिनी खंडाने दिल्या होत्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांनाही आपल्या जमिनी परत मिळविण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. वालचंदनगराचा इतिहास सांगताना त्यांचा हा भाग वगळणे न्यायाचे होणार नाही.

उसासाठी वसलेले गाव ऊसमळे गेल्यावर ओस पडावयास हवे होते. तसे झाले नाही, याचे कारण कारखान्यालगतच्या यंत्रशाळेत सापडते. साखरेची यंत्रे दुरुस्त करता करता तेथील कारागीर ती घडवू लागले; त्यानंतर सिमेंट कारखान्यांची, अणुभट्ट्यांची सामग्री तयार होऊ लागली आणि १९७० च्या दशकापासून उपग्रह प्रक्षेपकांच्या मोटारींची कवचेही याच माळावर घडली. कळंब हे जुने गाव त्याच नावाने आजही शेजारी नांदते आहे.