नाइटिंगेलबाई आणि त्यांच्या नवशिक्या परिचारिका

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे कार्यवाहबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लिहिण्याची सवय नाही. तरी फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे नाव मी लगेच सुचविले. त्याला कारण घडले.

मागल्या वर्षी आमच्या सासूबाई नऊ दिवस इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात होत्या. त्या घाबरत म्हणून मला थोडा वेळ आत बसू देत. तेथे एक परिचारिका नुकतीच कामावर लागली होती. वीस-बावीस वर्षांची पोर. यंत्र वाजू लागले की तिचे हात कापत आणि हात कापू लागले की ती आमच्यावर खेकसे. एका संध्याकाळी शेजारच्या खाटेवरचा रुग्ण दगावला. ही भिंतीकडे तोंड करून रडू लागली. मोठ्या सिस्टरांनी तिला बाजूला नेले, पाणी दिले, जवळ बसून काही समजाविले. परत आली ती सासूबाईंच्या समोर उभी राहिली. आपले नाव सांगितले, आता सुई टोचणार आहे हेही सांगितले आणि हात हाती घेतला. सासूबाईंचा चेहरा निवळला. माया त्या पोरीच्या ठायी आधीही असणारच. ती कामी कशी आणायची, हे तिला कोणी दाखविले नव्हते. दीडशे वर्षांपूर्वी हेच दाखविण्याचे काम नाइटिंगेलबाईंनी हाती घेतले.

त्यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. त्यावरूनच त्यांचे नाव ठेवले. घरची मोठी श्रीमंती. वडिलांनी मुलीला घरीच गणित, इतिहास आणि अनेक भाषा शिकविल्या. सोळाव्या वर्षी तिच्या मनाने घेतले की देवाने आपल्याला सेवेसाठी बोलाविले आहे. पण त्या काळी इंग्लंडातही रोग्यांची सेवा हे घरंदाज मुलीचे काम मानीत नसत. आई आणि बहीण यांचा तर कडवा विरोध. कित्येक वर्षे ती मनातल्या मनात कुढली. लग्नाची मागणी आली तीही तिने नाकारली. अखेर 1851 मध्ये जर्मनीत कैसरस्वर्थ येथे तीन महिने राहून तिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि 1853 मध्ये लंडनच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली.

पुढल्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी शिपायांचे हाल वर्तमानपत्रांतून छापून आले, तेव्हा सरकारने नाइटिंगेलबाईंना 38 परिचारिकांसह तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पाठविले. त्यांतल्या 24 धर्मभगिनी होत्या आणि 14 जणी इस्पितळांत काम केलेल्या. 4 नोव्हेंबर 1854 रोजी ही मंडळी पोहोचली. डॉक्टरांना बायकांची ही लुडबुड नको होती. जखमी कण्हत होते आणि परिचारिकांना आत जाऊन हात लावण्याची घाई झाली होती. पण डॉक्टरांनी बोलाविल्याशिवाय कोणी आत जायचे नाही, असा बाईंनी दंडक घातला. त्या सर्वजणी बसून सदरे आणि पट्ट्या शिवीत राहिल्या. कित्येकींना हा निष्ठुरपणा वाटला. पण थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतले जखमी जहाजे भरभरून आले आणि डॉक्टरांनी आपणहून मदत मागितली. स्वतःची तळमळसुद्धा आवरावी लागते, हा तेथला पहिला धडा.

इस्पितळात जमिनीवर रांगाच रांगा. एकाचा पाय कापताना शेजारचा उघड्या डोळ्यांनी पाहत असे आणि आपली पाळी येण्याआधीच खचत असे. बाईंनी मध्ये पडदे लावविले. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या स्वतः रुग्णाजवळ उभ्या राहत. रात्री दिवा घेऊन त्या खाटांमधून फिरत. मेलेल्या शिपायांच्या आईबापांना आणि बायकांना त्या स्वतः पत्रे लिहीत. शिपायांचा पगार दारूत न जाता घरी पोहोचावा, याचीही सोय त्यांनी केली.

पण इतकी माया असूनही माणसे मरतच होती. 1855 च्या फेब्रुवारीत दर 100 रुग्णांमागे 42 दगावले. मार्चमध्ये सरकारने तज्ज्ञांची समिती पाठविली. तिने तुंबलेली गटारे साफ केली, पाण्याच्या वाटेतली मेलेली जनावरे काढली. जूनपर्यंत तो आकडा 2 वर आला. घाणीचा हा प्रताप बाईंना पुरता उमगला तो युद्धानंतर, आकडे मांडून पाहिल्यावर. आपल्या देखत इतकी माणसे उगीच गेली, हे शल्य त्यांना जन्मभर सलत राहिले. त्या रडत बसल्या नाहीत. तेच दुःख त्यांनी कामाला जुंपले. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत; पण येथल्या आरोग्याविषयी त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले, पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या निधीतून 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांची परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत 15 मुली होत्या. पट्टी बांधणे, अंथरूण बदलणे याबरोबरच स्वभावाचीही तेथे पारख होई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा यांची नोंद दरमहा होत असे.

शुश्रूषेवरील त्यांचे पुस्तकही त्याच सुमारास निघाले. त्यातल्या कितीतरी गोष्टी रुग्णाच्या मनाविषयीच्या आहेत. दाराबाहेर कुजबुजू नये. अर्धवट ऐकून रुग्ण नको ते तर्क करतो. मागे उभे राहून बोलू नये. समोर बसावे, म्हणजे त्याला मान वळवावी लागत नाही. लवकर बरे व्हाल अशी पोकळ आशा दाखवू नये. बाहेर जाताना सांगून जावे आणि परत केव्हा येणार तेही सांगावे. कारण श्रमापेक्षा अनिश्चितता आणि धास्ती रुग्णाला अधिक थकविते. त्या नव्या पोरीने सासूबाईंना नाव सांगितले, सुईचे सांगितले, ते मला येथे आठवले.

पुढे आजारपणामुळे बाई बहुधा घरातच असत. तरी शिकणाऱ्या मुलींना त्या एकेकीला चहाला बोलावीत, काय कठीण वाटते ते विचारीत, नंतर प्रत्येकीविषयी टिपून ठेवीत. 1872 पासून शाळेतील मुलींना त्या उपदेशाची पत्रेही लिहीत. रुग्णाचे मन सांभाळणाऱ्या मुलीचेही मन कोणीतरी सांभाळायला हवे, हे त्यांनी ओळखले होते. स्वतः मात्र त्या हट्टी आणि तिखट होत्या. घरच्या माणसांशी त्यांचे फारसे जमले नाही. माणूस थोर झाला तरी सगळे धडे त्यालाही साधत नाहीत.

13 ऑगस्ट 1910 रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात.

आमच्या सासूबाई घरी परत आल्या नाहीत. नवव्या दिवशी पहाटे ती पोर बाहेर आली, आमच्या शेजारी बाकावर बसली आणि झाले ते तिने सरळ शब्दांत सांगितले. हात कापत नव्हते; डोळे मात्र भरले होते. आपल्या मंडळातल्या काही भगिनींच्या मुली परिचारिकेचा अभ्यास करीत आहेत. त्या सुटीत घरी आल्या की त्यांना एकदा चहाला बोलवावे, असे मला वाटते. आपण ऐकावे, त्यांनी बोलावे.